फिर्यादी

“ती गेली नाही,” फिर्यादी म्हणाली. “ती पळाली. आणि तुम्ही सगळे तिच्या पळण्याला नदीचं वाहणं म्हणताय.”

वर्गात कुणीतरी खोकलं. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

रविवारी दुपारी भरणारा हा वर्ग नोकरदारांचा होता. ज्यांचं शिकणं कधीकाळी अर्धवट राहिलं, ते इथे साहित्याची पदवी घ्यायला येत. सत्र संपताना नेमलेल्या पुस्तकांतल्या एकेका पात्रावर खटला भरायचा, ही बाईंची जुनी रीत. एकाने आरोप करायचे, एकाने बचाव, आणि बाकीच्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. दोषी ठरलेल्या पात्राचं पुस्तक पुढच्या वर्षी अभ्यासाला लागत नसे. ही रीत बाईंनी एकदाही मोडली नव्हती.

‘फिर्यादी’ हे नाव वर्गाने त्या विद्यार्थिनीला ठेवलं होतं, कारण तिला एकही पात्र आवडत नसे. दीपस्तंभावर प्रेयसीची वाट पाहत झिजणाऱ्या नायकाबद्दल ती म्हणाली होती, “याला कामधंदा नव्हता का?” भावंडांसाठी आयुष्य वाहून टाकणाऱ्या थोरल्या बहिणीबद्दल, “हिच्यावाचून घरातलं पान हलू नये, एवढीच हिची हौस.” वर्गातला बसचालक तेव्हा हसून हसून बाकावरून पडायचाच बाकी राहिला होता. ती स्वतः हसत नसे. लाँड्रीतली पाळी संपवून यायची, जिना चढून आली की कुणाशी न बोलता बराच वेळ पाणी पीत राहायची, आणि मग शेवटच्या बाकावर बसून पिशवीच्या सुटलेल्या दोऱ्या बोटांत गुंफायची, उलगडायची, पुन्हा गुंफायची. बाकीचे सगळे शिक्षिकेला ‘बाई’ म्हणत. ती काहीच म्हणत नसे.

आज आरोपीच्या पिंजऱ्यात होती कादंबरीतली एक आई. नवरा आणि लहानगी मुलगी मागे टाकून एका सकाळी उंबऱ्याबाहेर पडलेली. या स्त्रीचं वकीलपत्र बाई दरवर्षी स्वतःकडे घेत आणि दरवर्षी तिला निर्दोष सोडवून आणत.

“त्या घरात तिचा श्वास कोंडत होता,” बाई म्हणाल्या. “थांबली असती तर संपली असती. मेलेल्या आईपेक्षा निघून गेलेली आई परवडली.”

“कुणाला परवडली?”

“मुलीला.”

“मुलीनं येऊन सांगितलं तुम्हाला?”

बाईंनी आखूड केसांवरून हात फिरवला. कळत्या वयापासून ते केस त्यांनी कधीही मानेखाली उतरू दिले नव्हते.

“मुली मोठ्या होतात. शिकतात. कुणावाचून त्यांचं काही अडत नाही,” त्या म्हणाल्या, आणि आवाज गरजेपेक्षा वर गेला.

निवृत्त टंकलेखिकेने शेजारच्या परिचारिकेला कोपर मारलं. “मी सांगते, बाईंनी मागे कुणाला तरी टाकलंय. नाहीतर कागदावरच्या बाईसाठी इतकं कोण भांडतं?”

“आणि हिला कुणीतरी टाकलंय,” परिचारिका पुटपुटली. “पोळल्याशिवाय जीभ अशी चालत नाही.”

फिर्यादी शेवटचं बोलायला उठली.

“लेखकानं तिच्या जाण्यावर पानंच्या पानं खर्ची घातलीत. धुकं आहे, पक्षी आहेत, लांबून येणारी शीळ आहे. घराच्या आत मात्र तो पाहत नाही. मी सांगते आत काय होतं. आई मुलीच्या वेण्या घालत होती. एक घालून झाली. दुसरीचे केस हातात होते, तेवढ्यात तिला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. तिनं केस सोडले. ‘आलेच’ म्हणाली. पोर एक वेणी आणि एका बाजूचे मोकळे केस घेऊन आरशासमोर बसून राहिली. अशा बाईला नदी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी तिला थेंबभर पाणी द्यायची नाही.”

बाईंच्या हातून पुस्तक निसटलं. ते उचलायला त्या वाकल्या नाहीत.

“बाई, बचाव?” बसचालकाने हळूच विचारलं.

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

हात वर झाले. आधी बसचालकाचा, मग टंकलेखिकेचा, आणि खाली बघत परिचारिकेचाही. इतकी वर्षं जपलेलं एक पुस्तक क्षणात परकं झालं. बाक सरकले, पावलं जिन्यावरून उतरत गेली. खोलीत दोघीच उरल्या. खिडकीतलं ऊन फळ्यावरच्या अर्धवट पुसलेल्या शब्दांवर रेंगाळत होतं.

“कादंबरीत वेण्या नाहीत,” बाई म्हणाल्या. “हा पुरावा तुम्ही बाहेरून आणलात.”

“हो.”

“मी हे जन्मात कुणापाशी बोललेले नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं?”

फिर्यादी दोऱ्या उलगडत राहिली.

“काय हवं होतं तुम्हाला? का आलात या वर्गात?”

“निकाल हवा होता. तुम्ही दरवर्षी त्या बाईला सोडवता, असं कानावर आलं. मला ते सहन होईना.”

बाईंनी मागे न बघता हाताने टेबल चाचपलं आणि त्याच्या कडेला टेकल्या.

“कुठली राहिली होती?” त्यांनी विचारलं. “डावी की उजवी?”

“उजवी,” म्हातारी फिर्यादी म्हणाली. “तू एका जागी बसतच नव्हतीस.”