वेडीवाकडी नावं

"डोळे मिटा बघू," बुरुल म्हणाली.

गाडी अजून नारीनमधल्या घराच्या फाटकातच उभी होती. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला चहाचा समोवार होता. कालच्या जेवणासाठी आणलेला, आता तोकमोकला बुरुलच्या थोरल्या बहिणीला परत द्यायचा. तिच्या नवऱ्यानं, एसेनकुलनं डोळे मिटले. पेन ड्राइव्ह टक् करून टेपात बसला, आणि वर्षभर मुकी असलेली गाडी एकदम गायला लागली.

त्यांची लेक नाजिक जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण काल झालं होतं. घोडी कापली, गाव जेवून गेलं, म्हाताऱ्या बायकांनी बुरुलच्या डोक्याचा काळा रुमाल सोडून पांढरा बांधला. मयताच्या घरी वर्षभर गाणं लावायचं नसतं. आता लावलं तरी कोणी नावं ठेवणार नव्हतं. एसेनकुल याच दिवसाची वाट बघत होता, पण गाण्यांसाठी नव्हे.

त्यानं डोळे उघडले. टेपाच्या इवल्याशा पडद्यावरून गाणाऱ्याचं नाव सरकलं, त्याच्यामागून गाण्याचं. तो बघतच राहिला.

"हे काय?"

"बाजारातल्या मोबाइलवाल्याकडून नीट लावून आणलं." किती महिन्यांनी तिचा चेहरा असा फुलला होता. "लग्नाची गाणी वेगळी, जुनी वेगळी, सवारी बसली की लावायची वेगळी. केवढा कचरा होता हो त्यात! तो हसत होता नुसता. म्हणाला, ताई, ही कसली वेडीवाकडी नावं? ना रशियन, ना इंग्रजी!"

"जुनं ठेवलंय का त्यानं कुठं?"

"कशाला ठेवील? पुसलं आणि नव्यानं भरलं." तिचा आवाज जरा खाली आला. "काही चुकलं का माझं?"

ती वेडीवाकडी नावं नाजिकनं दिली होती. टेप स्वस्तातला, किरगीझ अक्षरं आली की नुसते चौकोन दाखवायचा. म्हणून पोरीनं इंग्रजी अक्षरांत, पण आपल्याच बोलीत, एकेका गाण्याला मनचं नाव ठेवलं होतं. फाटकातून निघताना पहिलं गाणं लावलं, की पुढची रस्त्याच्या हिशेबानं यायची, फार तर एखादं वळण मागेपुढे. बापाला ती अताके म्हणायची; दोलोनच्या घाटात पडद्यावर सरकायचं, 'सावकाश अताके, घाट काही पळून जात नाही.' कोचकोर आलं, की 'चहा घ्या. सिगारेट नको, मला वास येतो.' बापलेकीची गंमत होती ती. आईला सांगू नका, म्हणाली होती. म्हणेल, अभ्यास सोडून हेच उद्योग.

सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं त्याच्या. मग त्यानं तो पांढरा रुमाल बघितला. वर्षभर ही बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"चुकतंय कसलं? झकास केलंस," तो म्हणाला. "कचराच होता तो."

आणि त्यानं गाडी फाटकातून बाहेर काढली.

दोलोनच्या घाटात टेपावर कुणीतरी लग्नाचं गाणं रंगवून म्हणत होता. एसेनकुलचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. घाट आला म्हटलं."

कोचकोरला त्यांनी चहा घेतला. सवयीनं त्यानं खिशातून सिगारेट काढली, हातात धरली आणि पुन्हा पाकिटात घातली. बुरुलनं नवल करून बघितलं. सुधारतंय माणूस, असं वाटलं असेल तिला.

पुढं बोओमची खिंड. तिथंही पोरीनं काहीतरी लिहिलं होतं. काय, ते एसेनकुलनं कधी वाचलंच नव्हतं. एका अंगाला कडा, खाली नदी, समोरून ट्रक; डोळे रस्त्यावरून काढायची सोय नाही. शेजारी बसलेली सवारी मात्र ते वाचायची आणि हमखास हसत सुटायची. "लेक आहे वाटतं तुमची?" हो म्हणताना त्याची छाती फुगायची. पण काय लिहिलंय, हे त्यानं कधी विचारलं नाही. घाई काय आहे? वाचू की सवडीनं.

नाजिक गेली तेव्हा सवडच सवड झाली. अंगणात गाडी उभी करून कधीही वाचता आलं असतं. पण टेप लावला की गाणं वाजणार, आणि लेकीच्या सुतकात बापच गाणं लावतो, असं कोणी म्हणायला नको. पाळायचं म्हणजे पाळायचं. वर्ष काय, जाईल, म्हणून त्यानं पाळलं.

खिंड लागली. दोन्ही हातांनी त्यानं चाक घट्ट धरलं.

"बुरुल, काय लिहिलंय गं तिथं? वाच जरा."

ती पुढं वाकली. इंग्रजी अक्षरं तिला धड येत नसत. एकेक अक्षर लावत तिनं गाणाऱ्याचं नाव वाचलं, मग गाण्याचं.

"आणखी काही आहे?"

"आणखी काय असणार?"

"पुन्हा वाच."

"एवढं आवडलं?" बुरुल हसली, आणि पडद्यावर बोट ठेवून तिनं ते नाव पुन्हा वाचलं, या वेळी चांगलं मोठ्यानं.