पिंजणाची तात

जहाँआराला खोलीच्या दारातच वास आला. अकोल्याहून एसटीनं ती नुकतीच घरी पोचली होती, खांद्यावरची पर्सही अजून उतरवली नव्हती. अब्बा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. खालची चादर ओली होती, आणि कडेनं वाळून पिवळी पडली होती. म्हणजे सकाळपासून.

"भाभी!"

शाइस्ता स्वयंपाकघराच्या दारात आली. हात कणकेचे होते.

"अब्बाले दिवसभर कोनी पाह्यलं नाही?"

"घंटी नाही वाजली," शाइस्ता म्हणाली. "तूच सांगतलं होतं ना, घंटी वाजली का जाजो."

जहाँआराच्या अंगाची लाहीलाही झाली. त्या घरात नणंद-भावजयीतून विस्तव जात नव्हता, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण भांडण दोघींचं आणि भोगायचं म्हाताऱ्यानं, हे तिला सहन होईना. आधी तिनं अब्बांना कुशीवर वळवून चादर बदलली, अंग पुसलं. शाइस्ता दारातून बघत होती. मदतीला आली नाही, आणि आतही गेली नाही.

अब्बा, म्हणजे बशीरमियाँ, अकोटचे पिंजारी. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोंडअळीनं कापसाचं वाटोळं केल्यापासून गाद्या पिंजायला कोणी बोलावत नव्हतं, तेव्हा पिंजण, कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य, तसंही रिकामंच होतं. जहाँआरानं ते खाटेला बांधलं, डाव्या हाताला तात, म्हणजे त्याची ताणलेली दोरी, लागेल असं. तातीजवळ आवाज टिपणारा करंगळीएवढा सेन्सर बसवला, त्याला एक बोर्ड जोडला, बोर्डातून वायर नेऊन स्वयंपाकघरात घंटी लावली. ती अकोल्याला कॉम्प्युटर शिकवायची, त्यामुळे प्रोग्रामही तिचाच. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली की घंटी, ताट पडलं की घंटी. शाइस्तानं घर डोक्यावर घेतलं. मग काल रात्री जहाँआरानं प्रोग्राम बदलला: दोन सेकंदांत दोन आवाज झाले, तरच घंटी. "दोनदा वाजवजा, अब्बा. टण-टण," तिनं समजावून सांगितलं. अब्बांनी मान हलवली होती. कशी हलवली होती, ते तिनं नीट पाहिलं नव्हतं.

आता तिनं लॅपटॉप उघडला आणि बोर्डाला केबल जोडली. "वायर काढली असंल तं इथं दिसते, भाभी. सारं लिहून ठेवते हे."

"पाह्य ना."

वायर जागेवर होती. बोर्ड दिवसभर चालू होता. जेव्हा जेव्हा आवाज झाला, तेव्हा तेव्हा त्यानं वेळ टाकून इमानेइतबारे लिहिलं होतं. सव्वानऊ, एक आवाज. नऊ पन्नास, एक आवाज. साडेदहा, एक. अशा अकरा ओळी. दोन आवाज कुठेच नव्हते.

"भांडं पडलं असंल," जहाँआरा स्वतःशीच म्हणाली. "नाही तं रस्त्यावरची गाडी."

"भांडं नाही. आज ना कुकर लावला, ना काही पडलं. तात होती," शाइस्ता म्हणाली. "अकराही खेप तातच होती. मले भिंतीतून आयकू येते."

जहाँआरानं मान वर केली. "आयकू आलं? अन् तू गेली नाही?"

"तुह्या मशीनलेबी आयकू आलं. ते वाजलं का?"

जहाँआरानं त्या अकरा ओळींवरून पुन्हा नजर फिरवली. "पन अब्बा दोनदा काहून नाही वाजवत? सांगतलं होतं मी त्याह्यले!"

शाइस्ता हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "पिंजाऱ्याची पोरगी तू, अन् मले विचारते? पिंजारी दारात तात एकडाव वाजवते. दार उघडलं तं ठीक, नाही तं पुढच्या दारी जाते. दोनडाव वाजवली का ते भीक होते. माह्या बापानं जलमात दोनदा वाजवली नाही. अंजनगावात असाच पडून होता तो, तवा मले एक दिवस जाऊ देल्लं नाही तुमी." तिनं बोटांची कणीक खरवडली. "तू तं आपल्या बापाले आपल्याच घरात भीक मागाले लावलं."

जहाँआराला तिच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली. पण त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. लहानपणी ती अब्बांचं बोट धरून गल्ल्यांमधून हिंडली होती. एका दारी एक टणत्कार, मग अब्बा मनात दहा मोजायचे आणि पुढे चालू लागायचे. कोणी मागून हाक मारली तरी त्या दारी परत वळायचे नाहीत. हे सगळं तिला पाठ होतं. प्रोग्राम लिहिताना मात्र एकदाही आठवलं नाही.

तिनं प्रोग्राममधला दोनाचा आकडा खोडून एक केला. बोर्डावरचा दिवा लुकलुकला. तिनं स्वतः तात एकदा छेडली, तशी स्वयंपाकघरात घंटी खणखणली.

"अब्बा, आता एकदाच," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "एकदा वाजवली का कोनी ना कोनी येतेच." आणि त्यांचा डावा हात उचलून तिनं तातीवर ठेवला.

अब्बांनी तातीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं, रागानं नाही. मग त्यांनी हात हळूच काढून घेतला, छातीवर ठेवला आणि तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

जहाँआरा खाटेच्या काठावर बसून राहिली. शाइस्ता आत निघून गेली होती. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात ताट पडलं. पडलं की आपटलं, कोण जाणे. घंटी वाजली.

"जाय," शाइस्ता आतून म्हणाली, "बोलावून राह्यले तुले."