आचाऱ्याची बदली

"पुस्तक घ्यायला आलेल्याला 'अजून वाढू का?' असं विचारलंत तुम्ही?" खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"तोंडातून गेलं, मॅडम," आचारी म्हणाला. "सगळा जन्म मेसमध्ये गेला. समोर रांग दिसली की जीभ आपोआप चालते."

विद्यापीठात बदल्यांचं वारं सुटलं होतं. माणूस एका जागी टिकला की गंजतो, असा शोध वरच्यांना लागला होता. त्यामुळे माळी परीक्षा विभागात गेला आणि वसतिगृहाच्या मेसचा आचारी ग्रंथालयात. तिथे ग्रंथपालांनी त्याला बजावलं होतं, आठवडाभरात सुधारला नाहीत तर कायमचे घरी. म्हणून तो कुलसचिवांच्या पाया पडायला आला होता. साहेब असतील असं वाटलं होतं, खुर्चीत बाई निघाल्या. त्याला नवल वाटलं नाही. कोण कुठल्या खुर्चीत, हे विचारायचं हल्ली सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

"पुस्तकं कशी लावलीत?" बाईंनी घाईनं विचारलं.

"रोज लागणारी खाली, जाड मागे. डब्यांसारखी."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आणि मेसमध्ये तुमच्या जागी कोण आहे?"

"ग्रंथालयातलीच एक बाई. मी पाहिली नाही अजून, पण पोरं मेटाकुटीला आलीत. जेवताना 'शांतता राखा' म्हणते. एकानं दुसऱ्यांदा भात मागितला, तर म्हणाली, आधीचा परत कर."

"नियम म्हणजे नियम."

"तिच्यापुढे माझी सासू गरीब गाय, मॅडम!" मग त्याचा आवाज उतरला. "पण तिचा तरी काय दोष? तिला कुठं कुणी विचारलं? काल घरी भाजीत मीठ घालायला मी चमचा शोधत होतो. मला कधी चमचा लागला नव्हता. हाताचा अंदाज गेला की आचारी संपला. बायको नुसती पाठ फिरवून उभी राहिली."

बाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "जा. आजपासून तुम्ही मेसमध्ये. ती बाई परत ग्रंथालयात."

"खरंच?"

"मग काय खोटं? पातेलं चढवा जाऊन."

"देवमाणूस आहात, मॅडम! आधीचे साहेब नुसते जेवायलाच जायचे."

तो वळला, तोच हातात रिकामा डबा घेऊन एक गृहस्थ आत शिरले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. जेवून आलेल्या माणसाचा चेहरा इतका उतरलेला आचाऱ्यानं कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे... माझीही झाली?" कुलसचिवांनी विचारलं. "जेवून येईपर्यंत तरी थांबायचं. कुठं टाकलंय मला, मॅडम?"

"मेसमध्ये. ह्यांच्या हाताखाली," ग्रंथालयातली बाई म्हणाली.