शेंगांची पालकसभा

"आज आयांनी बोलायचं बरं का," शाळेतल्या पालकसभेत बाई म्हणाल्या, तशी रंजना धीर करून उठली. "मी कावेरीला मटार सोलता सोलता मोजायला शिकवलं. आता ती वजाबाकीसुद्धा..."

"हिचं काय ऐकता बाई, सातवी नापास आहे ही," शेजारी बसलेला नवरा हसत म्हणाला. सगळेच हसले. बाईही हसल्या. रंजना खाली बसली. पहिलीतली कावेरी तिला चिकटूनच होती.

संध्याकाळी मटार सोलायला घेतले, तर कावेरीनं शेंगांचीच पालकसभा मांडली. टपोरी शेंग बाबा झाली. सोललेलं टरफल आई.

"आईलाही बोलू दे की गं," रंजना म्हणाली.

कावेरीनं मानही वर केली नाही. "हिचं काय ऐकायचं? नापास आहे ही."