एकोणीस सेकंद

सात नंबरचं यंत्रही एकोणीस सेकंद उशिरा ओरडलं.

रुइ-यिंगने आकडा पुन्हा वाचला. सिन्चू शहरातली ही कंपनी रुग्णाच्या उशाशी ठेवायची यंत्रं बनवते. नाडी मंदावली की ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यासाठी तिने नवा कर्नेल बांधला होता. कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा. तो आधी जागा होतो आणि मग बाकीच्यांना कामाला लावतो. चाचणीच्या यंत्रांवर तो चढवताना तिने घड्याळ मुद्दाम पन्नासाव्या दिवसाच्या उंबरठ्यावर लावलं होतं. यंत्र सलग पन्नास दिवस चाललं तर काय होतं, हे बघायला पन्नास दिवस कोण बसणार?

उंबरठा ओलांडला की घंटा उशिरा वाजायची. दर वेळी.

"जुना गाभा सहा वर्षं दवाखान्यांत सुखाने नांदतोय," मॅनेजर फानसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते. "तुझाच बरा रुसतो! यंत्रांवरच्या पुड्या शिळ्या झाल्या असतील, बदलून बघ." यंत्रांनी गुणी बाळासारखं वागावं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकावर खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असते. आठ दिवसांत तिने त्याही बदलल्या होत्या.

आज, शुक्रवारी, तिने सात नंबरवरून आपला कर्नेल उतरवून जुना चढवला. घड्याळ तिथेच, उंबरठ्यावर. आणि तोही एकोणीस सेकंद उशिरा ओरडला.

म्हणजे चूक तिची नव्हती. तिला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. जुना गाभा दोन हजार खाटांच्या उशाशी होता. एरवी रुग्ण घरी गेला की यंत्र बंद होतं. ज्यांचं दुखणं लांबतं, त्यांच्याच उशाशी ते इतके दिवस चालू राहतं. म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि जुन्यातला घड्याळाचा भाग लिहिला होता त्सेंगदादांनी. तिने विश्वासाने तो जसाच्या तसा नव्यात घेतला होता.

त्सेंगदादांनीच तिला या कामात हाताला धरून शिकवलं होतं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. निरोपाच्या जेवणाची टेबलंसुद्धा सांगून झाली होती.

ते डबा उघडून बसले होते. तिने कागद पुढे ठेवला. "दादा, जुन्यातही आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. मग जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

तिला नेमका हाच प्रश्न नको होता. "तुम्हाला आणि मला." मग आवाज खाली आणून ती स्वतःच म्हणाली, "दोन ओळींचं काम आहे, दादा. नव्यात मी नीट करते. नवा पोचला की जुना आपोआप जाईल. तुमचं नाव कुठे यायला नको."

"कधी पोचेल नवा?"

"तीन महिन्यांत."

"आणि तोवर?"

दादा उठले आणि तिला घेऊन फानसाहेबांकडे गेले. डबा तसाच राहिला.

फानसाहेबांनी ऐकताऐकताच कॅलेंडर पुढे ओढलं. "सोमवारी बैठक घेऊ. वकिलांना विचारू. सहा वर्षांत काही झालं नाही, दोन दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?"

"झालं नाही, की कळलं नाही, साहेब?" त्सेंगदादांनी विचारलं.

दादांनी कोरा कागद ओढला. चूक माझी, दवाखान्यांना कळवतोय तेही माझ्याच जबाबदारीवर, असं लिहिलं आणि खाली सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला. फानसाहेबांनी त्या कागदाला हात लावला नाही. पण अडवलंही नाही.

यादीत तेवीस दवाखाने होते. रुइ-यिंग वरून सुरुवात करणार, तेवढ्यात दादांनी यादी काढून घेतली आणि नव्याने आकडे घातले. "खाटा जास्त तिथे आधी," ते म्हणाले. मग दोघं दोन फोन घेऊन बसले. यंत्र एकदा बंद करून चालू करा, तोवर खाटेपाशी माणूस बसवा, पुन्हापुन्हा तेच. कोणी आभार मानले, कोणी अर्ध्यातच फोन आपटला. एका डॉक्टरांनी दादांना बराच वेळ झापलं. दादा उभं राहून ऐकत होते. "हो डॉक्टर. मीच लिहिलं होतं," एवढंच बोलले. मधेमधे त्यांची नजर यादीच्या तळाशी जायची आणि परत वर यायची. तिने पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

उन्हं कलली तेव्हा एकच नाव उरलं. डोंगराकडचा लहानसा दवाखाना, चारच यंत्रं. रुइ-यिंग फोन उचलायला गेली, तर दादांनी तिच्या हातावर हात ठेवला. "तो माझा."

दोनदा त्यांचा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला. दिवसभराची तीच वाक्यं आता ते घरच्या हक्का बोलीत बोलू लागले.

"आणि सिस्टर, आधी तीनशे चारच्या खाटेपाशी जाल का? तिथलं यंत्र बासष्ट दिवस बंद झालेलं नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादांनी डोळे मिटले.

"मला कसं माहीत? तिथे माझी आई आहे."