पानिपतावरचा फासा

रिसबुडांच्या फाशावर पुन्हा सहा पडले आणि त्यांच्या बोटभर उंचीच्या अफगाण स्वारांनी टेबलावरची मराठ्यांची शेवटची तोफ घेतली. समोर मराठ्यांकडून खेळत होते त्यांच्या युद्धखेळ क्लबचे अध्यक्ष. त्यांना हरवायची संधी रिसबुडांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती.

पण खेळ बघायला जमलेल्या प्रदर्शनातल्या गर्दीत कुजबुज सुरू झाली.

“पुण्याचेच ना तुम्ही?” एका आजोबांनी विचारलं. “मग त्यांच्या बाजूनं कसे?”

“काका, बाजू चिठ्ठ्या टाकून ठरते.”

“चिठ्ठीला काय कळतंय?”

कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. रिसबुडांना आपल्या सोसायटीतले लोक आठवले. पुढचाही फासा सहावरच थांबला, तेव्हा कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी अंगठ्यानं तो उलटवून एकावर आणला.

थोड्याच वेळात मराठ्यांनी पानिपत जिंकलं. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून त्या स्वीकारल्या.

आजोबा चष्मा कपाळावर चढवून टेबलावर वाकले. रिसबुडांनी फासा मुठीत झाकला.

“बाकी सगळं चोख आहे,” आजोबा म्हणाले. “पण या उंटाच्या खोगिराला हिरवी किनार दिलीत, ती तेव्हा नसायची. इतिहासाची अशी मोडतोड बरी नव्हे.”