वारा समोरून होता

रंगनाथ माफी मागायला दिल्लीहून जयपूरला आला होता, आणि सदाशिवरावांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आदर्श नगरातल्या घरात तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. सदाशिवरावांच्या पत्नीने, चारुलताबाईंनी, दिलेला चिवडा तसाच पडला होता. "सर, चुकलो मी," तो म्हणाला. "तुमची सगळी मेहनत माझ्यामुळे पाण्यात गेली."

गेल्या भाद्रपदात दोघं सरकारी जहाजावर होते. भर समुद्रातल्या हवेत बारीक कण किती, ते मोजायचं काम सदाशिवरावांचं, पहारा रंगनाथचा. वारा मागून आला की धुराड्याचा धूर यंत्राच्या नळीत शिरायचा. अशा वेळी नळीला बूच मारायचं, एवढंच त्याला सांभाळायचं होतं. एका दुपारी आकडे एकाएकी कुठच्या कुठे गेले. वरच्या साहेबांनी निदान केलं: जहाजाचाच धूर, पहारेकऱ्याला झोप लागली. पुढच्या सफरीतून रंगनाथचं नाव उडालं.

सदाशिवरावांनी तेव्हा नुसती मान डोलावली होती. ती दुपार गणेश चतुर्थीची. घरची फार आठवण आली, म्हणून त्यांनी सुपारीचा गणपती मांडून कापूर लावला. वाऱ्याने विझू नये म्हणून आडोसा शोधला, तो नेमका नळीखालचा. एवढा शिकलेला माणूस, पण आरतीच्या भरात नळी काही आठवली नाही. आठवली तेव्हा बोलायची लाज वाटली, आणि धुराडं बिचारं आयतंच सापडलं.

"पण वारा समोरून होता, असं तू म्हणाला होतास ना?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"तेव्हा शपथेवर सांगत होतो, सर. आता वाटतं, लागला असेल डोळा. सगळेच म्हणतात म्हणजे... आईसुद्धा म्हणाली, कबूल कर आणि मोकळा हो."

पोराचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. सदाशिवरावांना स्वतःची शिसारी आली. खरं ते ओठांवर आलंही. पण पुढच्या सफरीचे प्रमुख म्हणून त्यांचंच नाव लागलं होतं.

रंगनाथ उठला आणि वाकून पाया पडला. "माफ केलंत ना, सर?"

"केलं," सदाशिवराव म्हणाले.

दारातून चारुलताबाई कौतुकाने हसल्या. "मी म्हटलं नव्हतं, रंगनाथ? यांच्या मनात काही राहत नाही."